खुबा घासतो तेव्हा

प्रिय करिश्मा,

टिटवाळ्याच्या नव्या घराचे फोटो प्रफुल्लने मला मोठे करून दाखवले. गॅलरी छान आहे. वास्तुशांतीला आम्ही आलो नाही म्हणून तू रुसलीस. तुमची लिफ्ट तेव्हा सुरू झाली नव्हती, एवढंच कारण होतं. एवढे मजले मला आता चढवत नाहीत.

ठाण्याला झालेलं माझं ऑपरेशन तुला आठवत असेल. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलेलं: मांडीच्या हाडाचा गोळा एका बाजूला वाढलाय, वाकलं की खुब्याच्या वाटीला घासतो. दुर्बिणीतून तेवढं हाड तासलं, वाटीची फाटलेली कड शिवली. मी कुबड्यांवर असताना तू मला भोपरच्या आपल्या कबड्डीच्या मैदानावर नेलेलंस, पोरींनी टाळ्या वाजवलेल्या. पुढची काही वर्षं खरंच बरी गेली. एक मोसम मी चढायाही केल्या. सगळ्यांच्या लक्षात तेवढंच राहिलं.

नंतरचं कोणी विचारलं नाही. आधी कळ सरावानंतर यायची, मग रिक्षातून उतरताना, मग झोपेत कूस बदलताना. आई गेली तेव्हा सगळ्या बाया तिच्याभोवती जमिनीवर बसलेल्या आणि मी, तिची एकुलती एक मुलगी, भिंतीशी खुर्चीवर. तिचा हात धरायला मला वाकता येईना. शेवटी जावई असून प्रफुल्लनेच तिला हलकंसं वर घेतलं आणि तिचा हात माझ्या हातात दिला.

डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं गं. संघात निवड होईपर्यंत ऑपरेशन थांबव म्हणून प्रशिक्षकांनी मला तसंच खेळवलं, तोवर सांध्यातली गादी झिजलेली. ती काही परत भरत नाही. आता खुबाच बदलायचा म्हणतात, आणि माझ्या वयाला बदलला तर पुढे तोही पुन्हा बदलावा लागेल म्हणतात.

काल तुझ्या लेकीचा, कादंबरीचा फोन आलेला. सोमवारी तिचंही तेच ऑपरेशन. म्हणाली, "मावशी, मम्मी म्हणते तू एकदम बरी झालीस. मी पण परत खेळेन ना?" हो म्हण, असं तू मला आधीच बजावलेलंस. माझ्याने म्हणवलं नाही. तुझ्या मम्मीला लिहिते म्हटलं आणि फोन ठेवला. करिश्मा, ऑपरेशन करा. तिची गादी अजून शाबूत आहे, वेळेवर झालं तर पुष्कळांचं चांगलं होतं. पण खेळशीलच, असं माझं नाव घेऊन तिला सांगू नकोस. दुखलं तर थांबायची मुभा तिला घरातूनच मिळू दे. आपल्याला ती कोणी दिली नाही. हे सगळं तिला वाचून दाखव, आईच्या हाताचंसुद्धा. तुझ्याने नाही झालं तर कागद तिच्याच हातात दे.

तुझीच,
निशिगंधा