बापानं सांगितलेलं माप

१२ ऑगस्ट

साचा जमला! सॉमिलच्या लेथवर, जेवणाच्या सुट्टीत, चार तुकडे वाया घालवून. आत जाताना बंदुकीची गोळी तीनशे तेवीसची, बाहेर पडते तीनशे अठराची. पाच थाऊ, म्हणजे इंचाचे पाच हजारावे भाग, कमी. दोन केसांएवढं. मालकानं — आर्ने स्कोग्लंड, वय त्र्याहत्तर — चष्मा वर करून बघितलं. "केंटकी," — मी तिकडचा, म्हणून हेच नाव — "तुझ्या हातून नीट झालेली ही पहिली वस्तू." दोन वर्षांत ही माझी सहावी नोकरी. पहिली शाबासकी.

त्याच्या बापाची जुनी जर्मन रायफल आहे. नळी बारीक, तीनशे अठराची. तसल्या गोळ्या करणारा एकच माणूस होता, तो मेला. दुकानात मिळतात त्या जाड. जाड गोळी बारीक नळीत घातली तर रायफल तोंडावर फुटायची. म्हणून गोळ्या दाबून बारीक करायच्या, मग काडतुसं घरी भरायची. हा सगळा उद्योग त्यासाठी.

पैज अशी — शंभर यार्डांवर माझ्या पाच गोळ्यांची भोकं कॉफीच्या कपाखाली झाकली, तर ऑक्टोबरात एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीला मालकाबरोबर मी. रायफल माझ्या हातात. नाहीतर इथंच भुसा झाडायचा.

मला आजवर कुणी कुठं बरोबर नेलेलं नाही. जायचंच!

१९ ऑगस्ट

कप कसला! परात लागली असती. एक भोक तर लांबट — गोळी आडवी होऊन घुसली. मालक म्हणाला, "बार काढलास का दगड भिरकावलास?"

२ सप्टेंबर

शोध लागला. तांबं दाबलं की परत फुगतं, आतलं शिसं फुगत नाही. म्हणजे गोळी आतून खुळखुळी. मालकाचंच म्हणणं. आता एकदम नाही, दोन दमांत दाबायची. मेंढीची चरबी चोळून. हाताचा वास जात नाही. खानावळीतली मार्गिट म्हणाली, "आधी साबण, मग पाव. मेंढ्यांना मी वाढत नाही."

३ सप्टेंबर

परात.

२० सप्टेंबर

साठ गोळ्या. एकेक तोलली, एकेक तीन ठिकाणी मोजली. सहावीत शाळा सोडलेला मी, आणि आता दशांशाच्या पुढे चार आकडे लिहितोय! मास्तरीणबाईंना चक्कर आली असती. मालक शेजारी बसून वहीत उतरवत होता, जसं काही चर्चमध्ये बसलाय.

निकाल — आधीपेक्षा वाईट.

४ ऑक्टोबर

पिशवी भरली. अलास्कात मासेमारीच्या बोटीवर माणसं घेतात म्हणे.

नाश्त्याला मार्गिटनं विचारलं काय झालं. सगळं सांगितलं. तिचा नवरा बंदुका दुरुस्त करायचा. तिनं तव्यावरचा पॅनकेक उलटला आणि म्हणाली, "गोळ्या मोजल्या. नळी मोजली का रे कुणी?"

मालक शेजारीच नाश्त्याला बसला होता. म्हणाला, "तीनशे अठरा. बापानं सांगितलंय."

"बापानं मोजली होती का, आर्ने?"

मालकानं पॅनकेकवर पाक ओतला. ओततच राहिला.

५ ऑक्टोबर

मऊ शिशाची गोटी तेल लावून नळीत ठोकली, लाकडी दांड्यानं पलीकडे काढली. मोजली. परत मोजली. मग मालकाच्या हातात मापाचं यंत्र देऊन तिसऱ्यांदा.

तीनशे तेवीस!

दुकानातली जाड गोळीच बरोबर, बारीक गोळी नळीत सैल पडायची. जवळजवळ दोन महिने मी चांगल्या गोळ्या मेहनत घेऊन बिघडवत होतो! मी हसत सुटलो. मालक हसला नाही. ओंडक्यावर बसला. "टोर," म्हणाला. टोर म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी टोरनं ह्याच रायफलनं साठ पावलांवरचा एल्क दोनदा चुकवला. गोळ्या बारीकच, मालकानं भरलेल्या. मालक बारमध्ये सगळ्यांदेखत त्याला म्हणाला, दारूनं तुझा हात गेला. टोर आयडाहो राज्यात निघून गेला. तेव्हापासून बोलणं नाही.

६ ऑक्टोबर

जाड गोळ्या, डब्यातून काढून जशाच्या तशा भरल्या. पाच बार. कप ठेवला — झाकली! वर जागा उरली!

"मालक, पैज!"

"पैज तुझ्या गोळ्यांची होती. ह्या दुकानाच्या."

माझं तोंड बघून मग म्हणाला, "बरं, चल. पण डोंगरात बडबड नको."

पिशवी रिकामी केली.

१७ ऑक्टोबर

नारिंगी जाकीट घेतलं. आरशासमोर तीनदा घातलं. कुणी बघितलं नाही.

२३ ऑक्टोबर

परवा निघायचं. आज मालकानं टोरला फोन लावला. "नळी तेवीसची निघाली. तुझा हात नव्हता चुकला." मग बराच वेळ नुसतं ऐकत होता. रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "तुझ्याशीच बोलायचंय म्हणतो."

घोगरा आवाज. "तू मोजलीस का रे, पोरा? त्याच्या शब्दावर मी अंगणाबाहेरसुद्धा जाणार नाही. तू सांग. खरं असेल तर आज रात्री गाडी काढतो."

तो आला तर रायफल त्याची. ट्रकमध्ये माणसं दोनच मावतात. मालक खिडकीकडे तोंड करून उभा होता.

मी म्हटलं, "तीनशे तेवीस. तीनदा मोजलीय."