फॉइलचं अस्तर

सोमवार, ६ मार्च
आज परत तेच! बाजारामागची खोली बघायला गेले होते. बॅगा दुरुस्तीचं स्वतःचं दुकान थाटायचं, एवढंच मागणं आहे माझं. खोलीचा मालक कडी-कुलूप दाखवतोय आणि जिन्यावरून नवरा वर येतोय. हसत. "सहज इकडून चाललो होतो." कसलं सहज? मी कुठे आहे त्याचं टिंब दिसतं त्याला फोनवर. मालकाला म्हणाला, "हिला घरचंच आवरत नाही, दुकान काय चालवणार?" मालकाने किल्ली परत खिशात घातली.

तळपायाची आग मस्तकात गेली. रस्त्यात विचारलं, तर म्हणे, "काळजीपोटी बघतो गं." अकरा वर्षं दुसऱ्याच्या दुकानात वाकून बॅगांना चेन बसवतेय, तेव्हा कुठे गेली होती ही काळजी?

मंगळवार, ७ मार्च
टिंब बंद केलं तर आरोपीसारखी उलटतपासणी. फोन बंद ठेवला तरी तेच. मग करायचं काय माणसाने?

दुकानातले म्हातारे कारागीर म्हणाले, "फॉइलमध्ये नीट बांधला की फोन मुका होतो." हे बरं आहे. आमचं दुकान तळघरात, तिथे रेंज जाते-येते आणि माझं टिंब तिथल्या तिथे अडकून राहतं. नवऱ्याला त्याची सवय आहे. फॉइलचं अस्तर लावून एक पिशवी शिवायची, तळघरातच फोन तिच्यात घालायचा आणि बाहेर पडायचं. त्याच्या लेखी मी दुकानातच!

खरं तर फोन दुकानात ठेवून जाता येईल. पण साडेपाचला पोरगी क्लासला जाते. तिचं टिंब तिथे पोचलेलं बघितल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर येत नाही. फोन बरोबर हवाच.

बुधवार, ८ मार्च
पिशवी शिवली. बाहेरून काळं रेक्झिन, आत फॉइलचे दोन पदर, वर मऊ अस्तर, तोंडाला चेन. अशी देखणी झाली म्हणता! फोन आत टाकला, पोरीला लावायला सांगितलं. खणखणीत वाजला.

उसवून बघितली. मूर्खपणा माझाच. शिवण सुबक यावी म्हणून दोन्ही बाजूंच्या फॉइलमध्ये कापड घातलेलं, फॉइलला फॉइल कुठे टेकतच नाही. आणि चेनीच्या दातांतून तर सगळं मोकळं रान. अकरा वर्षं चेन बसवणाऱ्या बाईला चेनीशिवाय पिशवी सुचेल तर शपथ.

"आई, वेफर्सच्या पाकिटासारखं तोंड दुमड ना," पोरगी म्हणाली. पंधराव्या वर्षी माझ्यापेक्षा अक्कल आहे.

गुरुवार, ९ मार्च
चेन काढली. फॉइलवर फॉइल चढवून शिवलं. तोंड दोनदा दुमडून वर वेल्क्रो. पोरीने तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा "संपर्क क्षेत्राबाहेर". नाचावंसं वाटलं.

"कशाला हवीय गं ही?" तिने विचारलं. गिऱ्हाइकाची ऑर्डर आहे म्हणून थाप मारली. तिने उरलेले तुकडे गोळा केले. "मी टाकते कचऱ्यात." शहाणी माझी बाय.

शुक्रवार, १० मार्च
दुसरी खोली बघितली. मालकीण निवृत्त शिक्षिका. रस्त्याकडे खिडकी, मशीनला जागा, भिंतीवर बॅगा टांगायला खिळेसुद्धा आहेत. बाई कागद काढून माझं नाव लिहायला बसल्या.

घड्याळात पाच चाळीस. पोरगी पोचली असेल का? एकच मिनिट फोन बाहेर काढला. टिंब क्लासवर. हुश्श. परत पिशवीत.

दहा मिनिटांत दारात नवरा. तेच हसू, तेच "सहज". बाईंनी पेनाला टोपण लावलं. "आधी घरात बोलून घ्या. सोमवारपर्यंत थांबते मी."

त्या एका मिनिटासाठी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटतेय. त्याच्या तर दोन.

शनिवार, ११ मार्च
आज सोडलं नाही त्याला. म्हटलं, "मी तुमची बायको आहे, हरवलेली बॅग नाही." तो पुन्हा काळजीचं पुराण लावायला लागला. म्हटलं, "काळजी असती तर विचारलं असतंत. एकदा तरी विचारलंत, कुठली खोली, कसलं दुकान, तुला काय हवंय? नुसतं टिंब बघत बसलात!"

त्याच्या डोळ्यांसमोर टिंब बंद केलं. आता उघड उघड जाणार, पिशवी-बिशवी काही नको. पोरगी ओट्याशी कप विसळत होती. सगळं तिच्या कानावर पडलं. नवरा फुगून बसलाय. बसू दे.

सोमवार, १३ मार्च
किल्ली मिळाली! नवरा आला नाही. शिक्षिकाबाईंनी स्वतःच्या हाताने दिली. नव्या खोलीत एकटीच उभी राहिले आणि रडले.

मग पाच चाळीसला सवयीने फोन बघितला. पोरीचं टिंब घरातच. तिला फोन लावला, तर "संपर्क क्षेत्राबाहेर". धावत क्लास गाठला, तर ही पहिल्या बाकावर बसून गणितं सोडवतेय.

मंगळवार, १४ मार्च
पोरगी आंघोळीला गेल्यावर तिचं दप्तर उपसलं. तळाशी पिशवी. माझंच काळं रेक्झिन, माझंच फॉइल, तोंड दोनदा दुमडलेलं. चेन नाही.

मागे ती उभी होती, ओल्या केसांनी. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "विचारलं असतंस तर सांगितलं असतं, आई."