सुलेखाच्या हंड्याला पडलेल्या पोच्याबाबत

दिनांक : ९ मे २०१६

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
ज्या ठाण्याच्या मुद्देमालात आमचा हंडा जमा आहे ते ठाणे,
औरंगाबाद.

विषय : टँकरवरील मारहाणीच्या नोंदीतून कु. सुलेखा मोतीराम हिवराळे हिचे नाव कमी करून त्या जागी अर्जदाराचे नाव घालणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या ठाण्यातील दि. २१ एप्रिल २०१६ ची नोंद.
२) त्याच दिवशी अर्जदाराने हवालदार अप्पाराव यांना चहा पिता पिता दिलेला जबाब.

महोदय,

अर्जदार बन्सी तुळशीराम हिवराळे, वय ७४, राहणार वाळूज रस्त्याची गुंठेवारी वस्ती, गल्ली तिसरी, सविनय सादर करतो की :

१. अर्जदाराने बेचाळीस वर्षे शहागंजात भांड्यांच्या दुकानापुढे पोतं टाकून भांड्यांवर नावे घातली. आमच्या वस्तीत अर्जदाराच्या हातचे अक्षर नाही असा हंडा सापडणार नाही. वस्तीत प्लॉट पडले, घरे झाली, घरांवर मजले चढले, फक्त नळ यायचा राहिला. या दुष्काळात पाचव्या दिवशी टँकर येतो. माणसे कारखान्यात पाळीवर जातात, म्हणून रांगेत पहाटेपासून हंडे उभे राहतात. हंड्यावर नाव ज्याचे, नंबर त्याचा. दुसऱ्याचा हंडा हलवणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणे, असा आमच्याकडचा रिवाज आहे. पुढचे सगळे रामायण या रिवाजावरून झाले, म्हणून तो आधी सांगितला.

२. कु. सुलेखा ही अर्जदाराची नात, वय २३. समाजकार्याची मोठी पदवी घेऊन घराण्यात पहिली पास झालेली. एका संस्थेने तिची टांझानिया देशात एक वर्ष स्वयंसेवक म्हणून निवड केली आहे. तिकडच्या खेड्यांतून पाण्याच्या समित्या बांधायचे काम आहे. विमान २७ तारखेचे. त्याआधी, २० तारखेच्या आत, तिच्यावर कोणताही गुन्हा नाही असा आपल्या ठाण्याचा दाखला संस्थेला हवा आहे. तो मागायला ती गेली असता खिडकीवरील साहेबांनी वही पाहून सांगितले की, बाई, तुम्ही तर सहा जणांना झोपवलेले आहे.

३. ही सहा माणसे अर्जदाराने झोपवली आहेत, आणि तीही तोंडाने. घटनेनंतर हवालदार अप्पाराव वस्तीत आले. रक्ताच्या थारोळ्याशेजारी पोचा पडलेला पितळी हंडा होता. त्यांनी त्यावरचे नाव वाचले, 'कु. सुलेखा मोतीराम हिवराळे, बारावी पास, आजोबांकडून, २०१०', आणि विचारले, ही सुलेखा कोण? गर्दी जमलेली होती. अर्जदाराची छाती फुगली. अर्जदार बोलू लागला.

अर्जदाराने सांगितले की, नातीने हंडा गरागरा फिरवला तेव्हा त्या वाऱ्याने समोरच्या टपरीचे पत्रे उडाले. पहिल्या फटक्यात तिघे आडवे झाले. चौथ्याचे दोन दात निखळले, पैकी एक वाळूजच्या कारखान्याच्या छपरावर टणकन वाजला व दुसरा अद्याप खाली आलेला नाही. पाचव्याच्या टाळूतून रक्ताची अशी धार लागली की, नळ आला समजून दोन बायांनी तिच्याखाली कळश्या लावल्या. सहावा तिने नुसते वळून पाहिले तेवढ्यावर पडला. लोक पोट धरून हसले. अप्पाराव म्हणाले, "आजोबा, दमानं सांगा, लिहून घेतो." आणि खरोखरच लिहून घेतले. अर्जदाराने जन्मभर पिंपळाखाली थापा मारल्या, ऐकणारे ऐकून उठून गेले. कुणीतरी शब्दन् शब्द कागदावर उतरवतो आहे, हे सुख चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा मिळाले. त्या सुखात अर्जदार नातीला गुन्हेगार करून बसला.

४. आता खरा प्रकार. तो लहान आहे व त्यात हसण्यासारखे काही नाही.

त्या दिवशी टँकर अर्धाच भरून आला. ज्या घरी तान्हे मूल किंवा आजारी माणूस, त्यांना आधी पाणी, असे सुलेखाने ठरवले. तिचा विचार वाईट नव्हता. पण त्यासाठी तिने रांगेतले हंडे आपल्या हाताने उचलून मागेपुढे केले. शिकलेल्या पोरीच्या हातून एवढी एक चूक झाली. आवडाबाईंचा हंडा तिसऱ्या नंबरावरून अकराव्यावर गेला. "माझ्या हंड्याला हात लावणारी तू कोण गं, कलेक्टरीण?" असे म्हणून त्या धावल्या. त्यांचा हंडा काढून ज्यांचा पुढे ठेवला त्या द्वारकाबाई मध्ये आल्या. आवडाबाईंनी त्यांच्या कानातले ओढले, पाळी फाटून दोन झाली. द्वारकाबाईंनी कळशीच्या काठाने आवडाबाईंची भुवई फोडली. मग कोण कोणाला मारते याचा हिशेब राहिला नाही. बांगड्यांचा चुरा झाला, केसांचे पुंजके निघाले. एका बाईने मध्ये पडलेल्या सुलेखाच्या दंडाचा चावा घेतला, ते दातांचे व्रण अद्याप दिसतात. आणि साहेब, हे सर्व करताना कुणी भरलेला हंडा मात्र लवंडू दिला नाही. बाया पाणी सांभाळून मारत होत्या.

टँकरवर पाइप धरणारा कडूबा हा पंचविशीतला माणूस तोटी बंद करायला खाली उतरला. अर्जदार शेजारीच सुलेखाच्या नावाचा तो घरचा रिकामा हंडा धरून उभा होता. तोटीवर वाकता वाकता कडूबा हसून म्हणाला, "काय म्हातारबा, नात निघाली व्हय जगाला पाणी पाजाया? हितं बाया एकमेकीचं रक्त पिऊ लागल्या. अन् ती गेल्यावर तुला कोण पाजणार?"

साहेब, हे शेवटचे वाक्य कडूबाचे नव्हते. निवडीचे पत्र आल्यापासून दोन महिने अर्जदार हेच वाक्य रोज जेवताना नातीला ऐकवत होता, भिंतीकडे तोंड करून. ते परक्याच्या तोंडून, चारचौघांत, हसत हसत आले.

कडूबाची पाठ होती. तो वाकलेला होता. अर्जदाराने दोन्ही हातांनी हंडा उचलून मागून त्याच्या डोक्यात घातला. छिन्नी पितळेवर बसते तेवढाच आवाज झाला. कडूबा गुडघ्यावर आला, मग तोंडावर पडला. पाइप सुटला. पाणी आणि रक्त एकाच उताराने आवडाबाईंच्या पायापर्यंत गेले, तेव्हा बाया थांबल्या. अर्जदार थांबला नव्हता. अर्जदाराने हंडा दुसऱ्यांदा उचलला होता. बाया रक्ताकडे पाहत होत्या, अर्जदाराकडे एकटी सुलेखा पाहत होती. तिने येऊन तो हंडा हातातून काढून घेतला व खाली ठेवला. मग ओढणी फाडून कडूबाचे डोके बांधले, त्याला रिक्षात घालून घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेले. नऊ टाके पडले. ती तिकडे त्याचे डोके मांडीवर धरून बसली होती, त्या वेळी इकडे अर्जदार तिच्या नावे सहा माणसे पाडत होता.

५. खरे काय ते सुलेखाला ठाऊक आहे. तिने खिडकीवर एक शब्द काढला नाही. घरी येऊन कणीक मळायला बसली आणि म्हणाली, "नाय गेले तर नाय गेले, आजोबा. ह्या वयात तुम्हाला कोठडीत पाणी कोण देईल?" तिचा बाप मोतीराम पाळीवरून आला, त्यालाही सांगितले नाही. दोन महिने अर्जदाराला हेच हवे होते, की तिने जाऊ नये. आता ती जात नाही, आणि अर्जदार वाढलेले ताट सारून उठतो.

६. अर्जदार आपल्या ठाण्यात तीन वेळा खरे सांगण्यास आला. पहिल्या वेळी शिपाई म्हणाले, "या आजोबा, आज कोणती नवी?" दुसऱ्या वेळी त्यांनी इतरांना ऐकायला बोलावले. तिसऱ्या वेळी अर्जदार रडला, तेव्हा तर टाळ्या पडल्या. यात त्यांचा दोष नाही. लांडगा आला रे करणाऱ्याचे शेवटी असेच होते.

म्हणून अर्जदार परवा कडूबाच्या खोलीवर गेला. मागून लागल्यामुळे मारणारा त्याने पाहिलाच नव्हता व जबाबातही तसेच सांगितले होते. अर्जदार म्हणाला, "कडूबा, तो मी." कडूबाने टाक्यांची जागा चाचपली. "माझं डोस्कं जिनं बांधलं तिच्या नावावर घातलंस व्हय रे, बुढ्ढ्या?" असे म्हणून त्याने अर्जदाराच्या थोबाडीत दिली. वरचा एक दात पडला. मग त्यानेच पाणी दिले, चूळ भरायला लावली आणि मारणारी सुलेखा नव्हे, बन्सी, अशा दोन ओळी लिहून सही केली. त्या कागदावर थोडे रक्त लागले आहे, ते अर्जदाराचे समजावे. अर्जदाराची या थपडेबद्दल तक्रार नाही.

७. सबब विनंती की, सहा माणसे खोडून एक करावा, सुलेखाचे नाव खोडून बन्सी लिहावे, आणि तिचा दाखला २० तारखेच्या आत द्यावा. अर्जदारास अटक करणे असल्यास आजच करावी. २७ तारखेला निरोप द्यायला अर्जदार दारात उभा दिसला तर ती पुन्हा पाठीवरची पिशवी खाली ठेवील, अशी भीती आहे.

८. हंड्यावर नाव ज्याचे, गुन्हा त्याचा, असे आपल्या ठाण्याने धरले. आमच्या वस्तीचाही न्याय तोच असल्यामुळे अर्जदारास तो मान्य आहे. तिचे नाव हंड्यावरून घासून काढू नये. बेचाळीस वर्षांत अर्जदाराने एकही नाव पुसलेले नाही. मात्र छिन्नी-हातोडी सोबत आणली आहे. दोन पंचांसमक्ष मुद्देमाल अर्धा तास अर्जदाराच्या मांडीवर द्यावा. हंडा तिचा आहे, पोचा अर्जदाराचा आहे. त्या पोच्यात 'बन्सी' बरोबर मावते.

या वेळी खरे बोललेला, आपला नम्र,

(सही)
बन्सी तुळशीराम हिवराळे
मुक्काम : सध्या आपल्या ठाण्याच्या बाहेरचे बाकडे

सोबत :
१) संस्थेच्या निवडपत्राची झेरॉक्स.
२) कडूबाचा सही केलेला कागद.
३) दात, एक नग, पुडीत बांधून. (अर्जदाराने तोंड उघडून दाखवावे असे वाटल्यास हाक मारावी. अर्जदार काही बोलणार नाही.)