गोवा, तिसरा मजला

आई, तुझ्या नातीने सिक्कीमला जायचं ठरवलंय आणि तिच्यामागून आम्ही दोघं फरफटत चाललोय. हॉटेलांचे फोटो बघून झाले, कुणाचा स्वेटर कुणाला होतो ते बघून झालं, तुझ्या जावयाने तर नवे बूट घेतले आणि ते पायाला लागू नयेत म्हणून दिवसभर घरात घालून फिरतो. फरशी कोण पुसणार, हे विचारायचं नाही. फक्त माझं 'हो' अडलंय. संध्याकाळी ऑफिसची बस शीळफाट्याला अडकली की मी खिडकीतून बाहेर बघत मनातल्या मनात बॅग भरते, आणि कल्याणला घरी पोचेपर्यंत ती परत रिकामी करून ठेवते. कारण बाबा. तू गेल्यावर बरीच वर्षं ते कोपरच्या घरात एकटे नीट राहिले. कुकर लावायला शिकले, माझ्यापेक्षा बरा वरणभात करायला लागले. पण गेली दोनेक वर्षं विसरणं वाढलं, गॅस चालू राहायला लागला, तेव्हा मी त्यांना इकडे घेऊन आले. जावई कोण, नात कोण, ते त्यांना कळतं. चहात साखर कमी पडली तर तेही कळतं. फक्त तू नाहीस, एवढंच त्यांच्या लक्षात राहत नाही.

रोज दुपारी झोपून उठले की विचारतात, "ही कुठे गेली?" सुरुवातीला मी खरं सांगायची. शेजारी बसून, हात हातात घेऊन, "बाबा, आई नाही आता. जाऊन खूप वर्षं झाली." आणि त्यांना ते दर वेळी पहिल्यांदाच कळायचं गं. "मला कुणी सांगितलं कसं नाही?" असं विचारायचे. एकदा म्हणाले, "मी होतो का तेव्हा?" होते की. तुझं डोकं त्यांच्याच मांडीवर होतं. हे सगळं सांगून मी त्यांना रडवायची, आणि चहाच्या वेळेला ते परत विचारायचे, ही कुठे गेली. खरं बोलायची सवय तूच लावलीस मला, पण एका माणसाला रोज नव्याने विधुर करायचं कसं, ते काही तू शिकवलं नाहीस. मला ते जमेना.

मी ऑफिसला जाते त्या दिवशी त्यांच्याजवळ एक मावशी असतात. दुपारी जेवू घालतात, टीव्ही लावून देतात, आणि बाबांपेक्षा स्वतःच जास्त मन लावून बघतात. बाई प्रेमळ आहे. एकदा बाबांनी त्यांना विचारलं, तर त्या आपल्या बोलून गेल्या, "आजी बाजारात गेल्यात." झालं. बाबांनी चपला घातल्या, दारामागची पिशवी घेतली आणि मावशी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत जिना उतरून पसार. नाक्यावरच्या एका रिक्षावाल्याने त्यांना ओळखून परत आणलं. तो मला म्हणाला, "ताई, काका भाजीवाल्यांच्या इथे फिरत होते. बोलतात, मिसेसचे गुडघे दुखतात, पिशवी जड असेल." मी त्याला थँक्यू म्हटलं, वर आले आणि मावशींवर नको तेवढी ओरडले. त्या बिचाऱ्या रडायला लागल्या. आता तूच सांग, असं घर सोडून मी बर्फ बघायला कशी जाऊ?

पण मला तुला सांगायचंय ते एका रविवारचं. त्यासाठी आधी आपलं कोपरचं घर आठवावं लागेल. मे महिना आला की आपली बिल्डिंग ओस पडायची. कुणी मालवणला, कुणी चिपळूणला, कुणी घाटावर. जाताना सगळे किल्ल्या तुझ्याकडे ठेवून जायचे, "वहिनी, तेवढं झाडांना पाणी," कारण आपण कुठेच जाणार नाही हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. गाव म्हणावं असं आपल्याला काही उरलं नव्हतं, आणि कंपनीतली निम्मी माणसं रजेवर गेली की बाबांना ओव्हरटाइम मिळायचा. त्यांची रात्रपाळी. सकाळी एमआयडीसीतून यायचे, आंघोळ करून पोळी-भाजी खायचे आणि बाहेरच्या खोलीत दाराला लागून असलेल्या खाटेवर आडवे व्हायचे. एक खोली, एक स्वयंपाकघर, त्यात तुझ्याकडे फॉल-बिडिंगला आलेल्या साड्यांचे गठ्ठे, आणि सुट्टी पडलेली मी. 'हळू बोल, बाबा झोपलेत' हे तू इतक्या वेळा म्हणायचीस की शेवटी नुसतं ओठावर बोट ठेवायला लागलीस.

मग आपली दोघींची जेवणं झाली की तू जुडग्यातली एक किल्ली काढायचीस, दार हलकेच ओढून घ्यायचीस आणि जिन्यात कुजबुजायचीस, "चल, आज महाबळेश्वर." तळमजल्यावरचं ते अंधारं घर, जिथली फरशी भर मेमध्येही गार असायची, ते महाबळेश्वर. आपल्या समोरचं, ज्यांच्या शोकेसमध्ये चंदनाचे हत्ती होते, ते म्हैसूर. आणि बरोब्बर आपल्या डोक्यावरचं, तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंचं, ज्यांच्या मागच्या खिडकीतून खाडीची बोटभर पट्टी दिसायची, ते गोवा. तुझं सगळ्यात लाडकं गोवा. कुंड्यांना पाणी घालून झालं की तू खिडकीपाशी खुर्ची ओढायचीस. थर्मासमध्ये आपला चहा, आपलेच दोन पेले. नियम कडक. पंखा लावायचा नाही, बिल त्यांना येतं. पलंगावर बसायचं नाही. टीव्ही, फ्रीज, कपाट, नुसतं बघायचं. एकदा मी बाईंच्या आरशासमोरची पावडर तोंडाला फासली तर तू पदराने माझं तोंड इतकं खसखसून पुसलंस की गाल लाल झाले. "आपण इथे बसायला आलोय, राहायला नाही," म्हणालीस, आणि त्यानंतर कितीतरी दिवस गोवा बंद.

तू तिथे पाय स्टुलावर टाकून, अंबाडा सोडून नुसती बसायचीस. ब्लाउजला टोचलेली सुई तेवढी असायची, पण शिवायला साडी कधी वर आणली नाहीस. घरी मी तुला नुसतं बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे मी खाडीकडे कमी आणि तुझ्याकडेच जास्त बघायची. मी विचारलेलं, "आई, खऱ्या गोव्याला काय असतं?" तू म्हणालीस, "हेच. पाणी, वारा, आणि स्वयंपाक नाही." कान मात्र तुझे खाली असायचे. आपल्या मोरीतला नळ वाजला की बाबा उठले. तशी तू ताडकन उठायचीस, पेल्यातला चहा बेसिनमध्ये ओतायचीस आणि केस गुंडाळत जिना उतरायचीस. मी मागून थर्मास घेऊन. बाबांना सांगायचं नाही, असं आपलं ठरलेलं. "त्यांना वाईट वाटेल," तू म्हणायचीस. "माणूस रात्रभर राबतो आणि बायको लोकांच्या घरात हवा खात बसते, बरं दिसतं का?" जूनमध्ये लोक परतायचे, किल्ली न्यायला येताना फणसाचे गरे, आमसुलं, कुळथाचं पीठ आणायचे, आणि तू लाजून लाल व्हायचीस. "अहो, एवढं काय केलं मी, कशाला?" त्यांना वाटायचं, काय साधी बाई आहे. मी आत तोंड दाबून हसायची.

बाबांनी तुला कधी कुठे नेलं नाही, याचा मला राग होता. तुला नव्हता, मला होता. "रिटायर झालो की बघू," हे त्यांचं ठरलेलं उत्तर, आणि ते रिटायर झाले तोवर तुझे गुडघे त्यांच्याआधी रिटायर झाले होते. तू गेल्यावर लोक भेटायला यायचे, बाबांचं सांत्वन करायचे, आणि मला आतून वाटायचं, यांना काय माहिती ही बाई कशी जगली ते. असा राग वर्षानुवर्षं राहतो, आणि त्याचं काही करताही येत नाही. त्यांना औषधं देते, नखं कापते, आणि मध्येच तो वर येतो.

तर त्या रविवारी मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत बाबांच्या खोलीत बसले होते. त्यांनी डोळे उघडले. "ही कुठे गेली?" मला अगदी नको झालं, आई. आज नाही रडवायचं यांना, असं वाटलं, आणि तोंडातून निघून गेलं, "वर गेलीय, झाडांना पाणी घालायला." ते हाताचा जोर देऊन उठत होते, ते थांबले. "गोव्याला होय," म्हणाले, आणि परत उशीवर डोकं टेकलं.

मी हातातली चादर खाली ठेवली. "बाबा, गोवा तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? जिन्यात बोलता की दोघी. माझी खाट दाराला लागून."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"काय बोलायचं त्यात? दिवसाची झोप कसली लागते गं. एक वाजला की जाग येते मला. वर खुर्ची सरकली की कळतं, बसली. मग मी आपला पडून राहतो. नळ सोडला की धावत येते ती."

"भूक लागत असेल ना हो?"

"लागते की," ते म्हणाले. "तासाभराने काय मरतो की काय मी? बसू दे तिला जरा." मग थोड्या वेळाने, डोळे मिटूनच, "तू बोलू नकोस हं तिला. कळलं तर जायची बंद होईल."

"नाही सांगत," मी म्हटलं.

स्वयंपाकघरात जाऊन मी खूप रडले. तुमच्या दोघांचा भयंकर राग आला. अरे, नवरा-बायको ना तुम्ही? एक वर बसून नळाकडे कान लावतेय, एक खाली उपाशी पडून खुर्चीकडे कान लावतोय, आणि एकमेकांना सांगत कुणीच नाही. बाबा एकदा नुसते वर आले असते तरी तू त्यांना पेलाभर चहा दिला असतास, तिघं बसलो असतो. आणि त्याच वेळी मला इतकं बरंही वाटत होतं की काय सांगू. त्यांनी तुला कुठे नेलं नाही हे खरंच आहे. पण रात्रभर उभं राहून आलेला माणूस भुकेल्या पोटी झोपेचं सोंग घेऊन तुला तासभर देत होता, हेही आता खरं आहे, आणि इतकी वर्षं राग धरून बसलेल्या मला ते माहीतच नव्हतं.

तेव्हापासून आमच्या घरात एकच उत्तर आहे. मावशींनाही शिकवलंय. त्या मला परवा सांगत होत्या, "ताई, मी बोलते, आजी गोव्याला गेल्यात. मग बाबा विचारतात, वारा आहे का आज? मी बोलते, हाय ना बाबा, मस्त सुटलाय. मग झोपतात गुपचूप. तुम्ही बिनधास्त जा, रात्रीची पण मी थांबते." नात म्हणते, "आई, आता काय प्रॉब्लेम आहे तुझा? चिल ना." तिचं बरोबर आहे. काल शेवटी मी बाबांनाच विचारलं, "मी आठ दिवस बाहेर जाऊ का हो?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता विचारतील, कुठे, कशाला, किती लांब. ते म्हणाले, "हिच्याबरोबर ना? जा की. दोघी जा. आणि धावत येऊ नका." भिंतीकडे कूस वळवली आणि डोळे मिटून घेतले. झोपले नव्हते, आई. झोपेत माणसाचा श्वास कसा असतो ते मला आता पाठ आहे. मी बाहेर आले आणि जावयाला सांगितलं, काढ तिकिटं.

हे पत्र मी कुठे ठेवणार नाही, तुझ्या फोटोपुढेही नाही. तुला सांगायचं नाही असा बाबांना शब्द दिलाय आणि तो इथे मोडून बसलेय, तेव्हा लिहून झालं की फाडून टाकेन. पण एक राहिलं. घरात, ऑफिसात, मावशींना, सगळ्यांना मी हेच सांगत आले की बाबांमुळे पाय निघत नाही. ते अगदी खोटं नाही. पण हल्ली ते "ही कुठे गेली?" विचारतात आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडते, तेव्हा तेवढ्यापुरतं मलाही वाटतं की तू वर आहेस. सिक्कीमला आठ दिवस मला असं विचारणारं कुणी नसेल.