डाव्या हाताचा भाग

प्रिय चिमणे,

फोनवर मी 'सगळं ठीक' म्हणतो, कारण आई शेजारीच बसलेली असते आणि तिचे कान तुला ठाऊक आहेत. म्हणून हे दुकानात बसून लिहितोय. गिऱ्हाईक नाही. घड्याळं दुरुस्त करून घेतंय कोण आता.

आईचा उजवा हात झटक्यानंतर होता तसाच आहे. चमचा धरता येतो, बटण लावता येत नाही. पियानोच्या शिकवण्या बंद झाल्या. मध्यंतरी तिची एक जुनी विद्यार्थिनी कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर टाकून गेली. पियानोचं नोटेशन त्यात भरलं की ते वाजवून दाखवतं, स्क्रीनवरच्या पट्ट्या आपोआप दबत जातात. नको त्या हाताचा भाग बंदही ठेवता येतो. तेव्हा उजवा हात यंत्राचा, डावा आईचा, असं ठरलं. भरायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आई कागदावर बोट ठेवणार, मी माउसने ठिपका ठेवणार, आणि चुकला की बोलणी खाणार. तू शाळेत असताना उजव्या हाताचं तू आणि डाव्याचं ती, असं वाजवायच्यात ना, तोच तुकडा तिने निवडला. दुसरा कुठला चालेना.

दोन आठवड्यांपूर्वी तो पहिल्यांदा लावला. ओळ दोनदा वाजवायची खूण मी अशी काही टाकली होती की यंत्र तीच ओळ वाजवत सुटलं. मी आत भांडी घासत होतो, मला वाटलं तुकडाच लांबलचक आहे. बाहेर येऊन बघतो तर आई घामाघूम, तरी वाजवतेय. जोडीदार थांबल्याशिवाय आपण थांबायचं नाही, हा तुमचा नियम. मी वायरच उपटली. तिला हसू आलं, मला रडू.

मग चूक सुधारली, पण तिचं बोट जरा अडखळलं की यंत्र आपलं पुढे निघून जातं. जन्मभर घड्याळं वेळेवर चालावीत म्हणून झटलो, आणि आता वेळेवर चालणाऱ्या वस्तूचाच राग येतो. काल तिने पियानोचं झाकण लावलं आणि म्हणाली, "देऊन टाका कुणाला तरी. हे यंत्र माझ्यासाठी थांबत नाही हो."

रविवारी पलीकडच्या शाळेची माणसं पियानो न्यायला येताहेत. मी हो म्हणून बसलोय. तू वाजवणं सोडलंस तेव्हा तुम्हा दोघींत जे झालं त्यात मी पडलो नाही, आत्ताही पडत नाही. तुला बोलवा, असं ती मेली तरी म्हणणार नाही. पण इतके दिवस मी रोज बघत होतो. ती बाकावर डावीकडे सरकून बसते आणि उजवीकडे जागा सोडते. यंत्राला जागा लागत नाही गं. रविवारच्या आत ये. वाजवायचं नसेल तर नुसती बस. मी फार दमलोय.

तुझाच,
बाबा