भुऱ्याचा इन्शुरन्स

निमिष,

तुझा फोन लागत नाही म्हणून लिहितेय. सकाळी भुऱ्याचं पोट टम्म फुगलं, त्याला उभं राहता येईना, म्हणून व्हेटकडे नेलं. पोटाला पीळ पडलाय. लगेच ऑपरेशन केलं तर वाचेल, पण तो खर्च आपल्याला झेपणारा नाही. धडधाकट कुत्र्याला इन्शुरन्स कशाला, हे आपण दोघांनी मिळून ठरवलं होतं. तू एकटा जिवाला लावून घेऊ नकोस.

त्याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन द्यायला मी हो म्हटलंय. तिथे तो कुडकुडतोय, म्हणून त्याची गोधडी घेऊन परत जातेय.

ईशानीची स्कूलबस यायच्या आत ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढून टाक. तिला तूच सांग. भुऱ्या वाचला असता का, हे ती विचारणारच. खोटं बोलू नकोस.

नीलिमा