शेवट तेवढा बदलावा

७ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

सहा फुटी लेखकाला अजून टिल्लू म्हणते म्हणून रुसू नकोस. पुस्तकावर तुझं भारदस्त नाव छापलंय, ते छपाईपुरतंच. इकडे तुझ्या कादंबरीवर नुसत्या उड्या पडतायत. माझ्या वाचनालयात तिच्या तीन प्रती आहेत, पण तिन्ही एकत्र फळीवर कधी दिसत नाहीत. दातांच्या डॉक्टरांनी तर दोन रोग्यांच्या मधल्या वेळात वाचून काढली म्हणे. त्या दिवशी ज्यांचे दात काढले त्यांचं काय झालं, ते विचारायला नको.

माझा नियम तुला ठाऊक आहे. पुस्तक परत करताना मागे चिकटवलेल्या कागदावर दोन ओळी अभिप्राय लिहायचा, त्याशिवाय दुसरं पुस्तक मिळत नाही. तुझ्या पुस्तकाचे कागद भरले, वर जोड लावावे लागले. मी पहिल्या पहिल्या ओळी तेवढ्या चाळल्यात. शिवणवर्गाच्या बाई लिहितात, स्नायपर लांबून नेम धरून श्वास रोखतो तिथे माझाही श्वास अडकला आणि दूध उतू गेलं. बँकेतल्या रोखपालाला वाऱ्याचा अंदाज घेण्याचं प्रकरण इतकं आवडलंय की आता तो नोटा मोजतानाही एक डोळा मिटतो.

पण पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच आनंदात. यांनी तुझं पुस्तक वाचलं. मी भीतच होते. सैन्यातून परत आल्यापासून हे किती बोलतात ते तू पाहिलंयस. तूच म्हणाला होतास, भाऊजींपेक्षा भिंतीशी गप्पा माराव्यात, ती निदान मधेच उठून जात नाही. गोळीबाराची प्रकरणं यांनी भराभर उलटली. शेवटची तीन मात्र, तो माणूस घरी येतो ती, मला शेजारी बसवून मोठ्याने वाचून दाखवली. तो दाराकडे पाठ करून जेवायला बसू शकत नाही, तिथे थांबले आणि म्हणाले की दाराचं एवढं काही नसतं, समोरच्या गच्चीचं असतं.

टिल्लू, त्या दिवसांबद्दल त्यांनी मला आपणहून सांगितलेली ही पहिली गोष्ट. आता रोज संध्याकाळी एखादं पान वाचतात आणि मधे स्वतःचं एखादं वाक्य घालतात. काल म्हणाले, दुर्बिणीतून माणूस फार जवळ दिसतो, तो दाढी करत होता. पुढे बोलले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत. माझा माणूस मला थोडा थोडा परत मिळतोय रे, आणि तो तुझ्या त्या तीन प्रकरणांमुळे.

तब्येतीला जप, नुसत्या चहावर दिवस काढू नकोस. माया आहेच, ती काय लिहायची.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र छापखान्यात यंत्राशेजारी उभ्यानेच वाचलं. डोळे पुसताना गालाला शाई लागली आणि दिवसभर कुणी मला सांगितलं नाही. ती तीन प्रकरणं मी कल्पनेने लिहिलीच नव्हती. तुझी जुनी पत्रं पुढ्यात ठेवून लिहिली. भाऊजींना ती वाचावीशी वाटली, मी भरून पावलो.

आता कामाचं बोलतो. आमचे प्रकाशक दुसरी आवृत्ती काढणार की नाही ते अजून अधांतरी आहे. त्यांचं म्हणणं असं की पुस्तक सुसाट सुटतं आणि नायक घरी आला की गाडी चिखलात रुतते. घरात बसलेला स्नायपर कुणाला वाचायचाय, असं मला तोंडावर म्हणाले. मीही तावातावाने म्हटलं, वाचकांना विचारा. ते हसले आणि म्हणाले, आण वाचकांची मतं, ते म्हणतील तसं करू.

म्हणून तुझ्या वाचनालयातले सगळे अभिप्राय मला उतरवून पाठव. गोड गोड तेवढेच निवडू नकोस, कुणाचं मन राखू नकोस, माझंही नाही. दूध उतू जाईपर्यंत वाचणाऱ्या बाई माझ्याच बाजूने असणार, याची मला खात्री आहे.

भाऊजींना नमस्कार सांग. तुझा ओरडा आणि लोभ, दोन्ही आहेत तसेच चालू दे.

तुझा,
टिल्लू


६ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

अभिप्राय सोबत आहेत. कागद पुस्तकांना चिकटलेले, ते फाडून कसे पाठवणार? मी नक्कल करायला बसले होते, पण एकीकडे कपाटांची साफसफाई काढलेली, वाळवीने एका फळीचा फडशा पाडलाय. माझी तारांबळ बघून हे म्हणाले, आण इकडे, मी लिहितो. आपणहून काम मागितलं! मी लगेच पुढच्या खोलीतलं टेबल रिकामं करून दिलं.

अक्षर बघ, छापल्यासारखं आहे. पलटणीत यांना तासन्‌तास टेहळणी करून नोंदी लिहाव्या लागत. दिसलं ते जसंच्या तसं लिहायचं, आपलं मत मधे घालायचं नाही, अशी शिस्त होती. ती हाताला लागली ती लागलीच. एका वाचकाने सांडलेल्या शाईच्या डागाचीसुद्धा 'येथे डाग' अशी नोंद केली आहे. मी हसले. मला सगळं वाचायला सवड झाली नाही, पुडकंसुद्धा यांनीच बांधलं.

हल्ली संध्याकाळचं वाचन जरा बंद आहे. घसा धरलाय म्हणतात. मी विचारलं, कसे वाटले अभिप्राय, तर म्हणाले की लोक बारकाईने वाचतात. मी म्हटलं, माझ्या हाताखाली तयार झालेत, वाचतीलच. घसा सुटला की पुन्हा सुरू करू. परवा त्या दाढी करणाऱ्या माणसाबद्दल पुढचं सांगतील असं वाटलं होतं. घाई मलाही नाही.

जेवणाची वेळ पाळ. आशीर्वाद पाठीशी आहेतच.

तुझी,
ताई


२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबतच्या पुडक्यात दुसऱ्या आवृत्तीच्या तीन प्रती आहेत. ते सोडण्याआधी हे पत्र वाच.

तू पाठवलेली मतं मी प्रकाशकांसमोर ठेवली. त्याआधी एकट्याने वाचली होती, तेव्हाच कळलं की मी हरलो. रोखपाल लिहितो, असा वाघ घरात कोंडून लेखकाने काय मिळवलं. निवृत्त मुख्याध्यापक म्हणतात, लढाईतच टेकडीवर मेला असता तर अमर झाला असता. तुझ्या शिवणवर्गाच्या बाईंनी लिहिलंय, बायकोची कीव येते, तो आलाच नसता तर ती निदान अभिमानाने जगली असती. दातांच्या डॉक्टरांचं एकच वाक्य आहे, शेवट तेवढा बदलावा. त्या तीन प्रकरणांच्या बाजूने एकही माणूस नाही, ताई. प्रकाशक एवढंच म्हणाले की आता बोल.

तरी मी अडून बसलो असतो. पण हे सगळं भाऊजींच्या हातचं होतं. कुठे फुली नाही, समासात 'चूक' असा शेरा नाही. त्यांना खुपलं असतं तर एक ओळ तरी लिहिली असती, असं मला वाटलं. मी समजलो की त्यांनाही तो शेवट नकोसा आहे आणि तोंडावर सांगायला अवघड वाटतंय. म्हणून तीन प्रकरणं काढली. नायक आता टेकडीवर, शेवटची गोळी झाडल्यावर पडतो. शेवटचं पान बायकोचं आहे. तिला निरोप येतो, ती त्याचे जुने बूट पुसून दाराशी ठेवते आणि रडत नाही. ते वाचून प्रकाशकांना भरून आलं.

मी बरोबर केलं ना, ते लिही. भाऊजींना काय वाटलं तेही कळव. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
टिल्लू


११ मे

टिल्लू,

आशीर्वाद लिहायला आज हात उचलत नाही, म्हणून नुसतंच नाव.

पुडकं यांच्या हाती लागायच्या आत मी सोडलं आणि शेवटचं पान उभ्याउभ्याच वाचलं. मग होतं तसं बांधून ठेवलं. कुठेतरी कपाटामागे दडवावं असा विचार करत होते, तेवढ्यात वाचनालयाच्या दारात कुणी वाचक आला आणि मी बाहेर गेले. आत येऊन बघते तर हे टेबलाशी बसून वाचत होते. मला हातातून काढून घेता आलं नाही. कोणत्या तोंडाने घेणार होते?

पूर्ण वाचलं. मग नेहमीसारखा मागे कोरा कागद चिकटवला आणि पहिला अभिप्राय यांनीच लिहिला: 'शेवट योग्य झाला. माणूस जिथे संपला होता, तिथेच संपवला आहे.' खाली इतर वाचकांसारखी सही. त्यानंतर घरात शब्द नाही. मी रडले, भांडले, पाया पडायची बाकी राहिले. शेवटी एवढंच म्हणाले की सगळ्यांचं तेच मत आहे, मीच लिहून काढलंय.

या माणसाने घरी यावं की येऊ नये, हे तू चारचौघांना विचारलंस. दात काढणाऱ्यापासून शिवण शिकवणारीपर्यंत सगळे नको म्हणाले. आणि ते एकेक नको माझ्याच नवऱ्याला सुवाच्य अक्षरात लिहायला लावलं. लावणारी मी. साफसफाई काढली होती ना मी! वाचलं असतं तर फाडून टाकलं असतं, नियम गेला चुलीत.

त्यांच्यातल्या कुणाला ठाऊक नाही की पुस्तकातला माणूस म्हणजे हेच आहेत. शिवणवर्गाच्या बाई काल यांना हसून नमस्कार करून गेल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, मग मी भांडायचं तरी कुणाशी? तू विचारलंस म्हणून सांगते, बरोबर केलं नाहीस. यांच्या गप्प बसण्याचा अर्थ लावायला मला एवढी वर्षं जमलं नाही, आणि तुला कागद बघून कळला होय?

मला बूट पुसायचे नाहीत. मला अभिमान नको. जेवताना समोरच्या गच्चीकडे बघणारा, चार दिवसांतून एक वाक्य बोलणारा माणूस मला हवा होता, आणि तो मिळत होता. आता काही मिळणार नाही, हे मला दिसतंय. इतक्यात पत्र पाठवू नकोस.

ताई


१६ मे

चि. टिल्लूस,
आशीर्वाद.

ताईने तुला रागाचं पत्र लिहिलं असणार. पाकिटाला डिंक फार लावला होता, त्यावरून समजलो. मनाला लावून घेऊ नकोस. तू वाचकांचं ऐकलंस. नक्कल करताना मला वाटत होतं, एखादा तरी लिहील की राहू द्या त्याला घरात. एक जरी निघाला असता तरी पुरे होतं. मी मधे काही लिहिलं नाही, कारण नोंदीत आपलं मत घालायचं नसतं, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं.

शहराबाहेरच्या शीतगृहावर राखणदाराची जागा मिळाली आहे. राहायला खोली आहे. चहूकडे मोकळं रान, समोर गच्ची नाही. उद्या निघतो. ताईला सांगितलंय की काम थोड्या दिवसांचं आहे. ते तसं नाही, हे तुला सांगून ठेवतो. मी घरात असलो की ती दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत असते, एखादा शब्द निघेल म्हणून. आता तो निघायचा नाही, आणि तिचं ते बघणं मला सोसत नाही. माझ्यामागे तू येऊन जाऊन राहा. वरच्या फळ्यांना तिचा हात पुरत नाही, स्टुलावर चढू देऊ नकोस.

एक काम तुला न विचारता केलं आहे. शेवटचं पान, बूट पुसण्याचं, तिन्ही प्रतींतून ब्लेडने कापून घेतलं आणि जाळलं. वाचक कुरकुर करतील, करू देत. ताईने मागचा माझा अभिप्राय तेवढा पाहिलाय, पुस्तक अजून वाचलेलं नाही. तिने ते पान वाचू नये एवढीच माझी इच्छा होती. कधी विचारलंच तर छापताना राहून गेलं असं सांग.

माझ्यावरचा लोभ तिच्याकडे वळव.

तुझे,
भाऊजी